रविवारचं चर्च, सोमवारची शाळा

ऑगस्ट लागला की अमेरिकेतल्या बऱ्याच चर्चबाहेर एक फलक दिसतो: नवीन दप्तरं जमा करत आहोत. वह्या, पेन्सिली, रंगीत खडू, टिश्यूचे खोके असं काय काय त्या दप्तरांत भरलं जातं आणि वर्ग सुरू व्हायच्या आधी जवळच्या पब्लिक स्कूलमध्ये पोचतं. तुम्ही इथे शिकायला किंवा नोकरीला आला असाल, तर तुमच्या मनात दोन प्रश्न एकदमच येतील. पहिला, इतक्या श्रीमंत देशातल्या सरकारी शाळेला पेन्सिली चर्चने का पुरवाव्या लागतात? आणि दुसरा, इथे तर म्हणे धर्म आणि सरकार यांच्यात भिंत आहे. मग चर्च शाळेत शिरतंच कसं? तुम्ही इथेच वाढला असाल, तर असं एखादं दप्तर तुमच्या वर्गातल्या कुणाच्या तरी पाठीवर असणार. तुम्हाला त्यात वेगळं काही वाटलंही नसेल.

पॉडकास्टवर आपण या विषयाला ओझरता हात लावला होता. इथे जरा नीट उलगडून बघू. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. चर्चची मदत सरकारी शाळेला खरोखर उपयोगी पडू शकते, पण तीन अटींवर. शाळेने मागितलं ते द्यायचं, आपल्याला द्यावंसं वाटतं ते नाही. आपला संदेश शाळेच्या दाराबाहेर ठेवायचा. आणि आपण देतो ती मदत आहे, सरकारच्या जबाबदारीला पर्याय नाही, हे कधी विसरायचं नाही. तिसरी अट सगळ्यात अवघड आहे.

शाळेला कमी काय पडतं?

आधी शब्दाचा घोळ मिटवू. इंग्लंडमध्ये 'पब्लिक स्कूल' म्हणजे भरमसाट फी घेणारी खासगी शाळा. अमेरिकेत त्याचा अर्थ बरोबर उलटा: करांच्या पैशावर चालणारी, सगळ्यांसाठी फुकट असलेली शाळा. या लेखात दुसरा अर्थ घ्यायचा. इंग्लंडमधल्या वाचकांसाठी आणखी एक: तुमच्याकडे चर्च ऑफ इंग्लंडच्या शाळाच सरकारी पैशावर चालतात, त्यामुळे तिकडचा प्रश्न वेगळा आहे.

अमेरिकेतल्या शाळांना केंद्राकडून येणारा पैसा साधारण दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो. बाकीचा राज्य आणि स्थानिक पातळीवरून येतो, आणि स्थानिक पैशातला मोठा वाटा असतो मालमत्ता कराचा. म्हणजे ज्या भागात घरं महाग, तिथल्या शाळेकडे पैसा जास्त. टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओच्या गरीब वस्तीतले पालक याविरुद्ध कोर्टात गेले होते. १९७३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला की अशी विषमता संघराज्याच्या घटनेचा भंग करत नाही. पुढे काही राज्यांच्या कोर्टांनी आपापल्या राज्यघटनेच्या आधारे वेगळे निकाल दिले, पण मूळ रचना बरीचशी तशीच राहिली.

याचा परिणाम छोट्या छोट्या गोष्टींत दिसतो. शिक्षक स्वतःच्या खिशातून वर्गाचं सामान आणतात. हे इतकं सर्रास चालतं की केंद्रीय आयकरात त्यासाठी वेगळी वजावट आहे; २०२२ मध्ये ती ३०० डॉलर झाली. शाळेतलं जेवण १९४६ च्या कायद्यापासून सरकारी अनुदानावर चालतं, पण ते शाळेच्या दिवशी. शुक्रवारी दुपारी घरी गेलेलं मूल सोमवारी सकाळपर्यंत काय खातं, हा प्रश्न त्या कायद्याच्या बाहेरचा आहे.

आता चर्चकडे काय असतं ते बघा. सोमवार ते शनिवार बऱ्यापैकी रिकामी असणारी इमारत. मोठं स्वयंपाकघर. पार्किंग. एखादी व्हॅन. आणि सगळ्यात मोलाचं म्हणजे दिवसा वेळ असलेली माणसं, विशेषतः निवृत्त झालेली. शाळेकडे नेमकं हेच नसतं. त्यामुळे दोघांची गाठ पडणं स्वाभाविक आहे. शिवाय दोघंही एकाच गल्लीतले शेजारी.

यात एक खोच आहे, तीही सांगायला हवी. चर्चच्या इमारतीवर मालमत्ता कर लागत नाही. १९७० मध्ये सुप्रीम कोर्टाने ही सूट वैध ठरवली. म्हणजे ज्या करावर शाळा चालते, तो कर शेजारचं चर्च भरत नाही. (मंदिर, मशीद, गुरुद्वारा यांनाही हेच लागू.) मला ही सूट चुकीची वाटते असं नाही. पण दप्तरं देताना 'आम्ही उपकार करतोय' असा सूर लागत असेल, तर हा हिशेब आठवावा.

भिंत आहे, पण तिला दारं आहेत

कायद्याबद्दल दोन टोकाचे गैरसमज असतात. एक, शाळेत देवाचं नाव काढणंच बेकायदा आहे. दुसरा, सगळं चालतं, फक्त कुणी तक्रार करायला नको. दोन्ही चूक.

१९६२ मध्ये सुप्रीम कोर्टाने न्यूयॉर्क राज्याने तयार केलेली शाळेतली प्रार्थना रद्द केली आणि १९६३ मध्ये वर्गातलं बायबलवाचन. दोन्ही निकालांचा रोख सरकारवर होता. मुलाने डबा खाण्याआधी स्वतःहून हात जोडले तर त्याला कुणी अडवू शकत नाही. शिक्षकाने वर्गाला 'हात जोडा' म्हणायचं नाही.

त्याआधी, १९४८ मध्ये, शाळेच्या वेळात शाळेच्याच इमारतीत धर्मशिक्षणाचे वर्ग घेणं कोर्टाने घटनाबाह्य ठरवलं होतं. पण १९५२ मध्ये हेही सांगितलं की पालकांच्या परवानगीने मुलं शाळेबाहेर जाऊन असे वर्ग करू शकतात. २००१ मध्ये आणखी एक दार उघडलं. शाळा सुटल्यावर इमारत इतर संस्थांना दिली जात असेल, तर केवळ धार्मिक आहे म्हणून एखाद्या संस्थेला नकार देता येत नाही.

हा शेवटचा नियम तुमच्याही उपयोगाचा आहे. शाळा आपल्या जागेची दारं समाजाला उघडते तेव्हा ती सगळ्यांना सारखीच उघडावी लागतात. तुमच्या मंडळाची रविवारची मराठी शाळा एखाद्या पब्लिक स्कूलच्या वर्गात भरत असेल, तर त्यामागेही 'सगळ्यांना समान भाड्याने' हेच तत्त्व आहे.

उलट बाजूचं उदाहरण विस्कॉन्सिनमधलं. तिथल्या एल्मब्रूक जिल्ह्यातल्या शाळांची व्यायामशाळा लहान, उन्हाळ्यात उकाडा. म्हणून पदवीदान समारंभ जवळच्या मोठ्या चर्चमध्ये व्हायचा. खुर्च्या मऊ, हवा थंड, सोय उत्तम. पण समारंभ मुख्य प्रार्थनागृहात, समोर भलामोठा क्रूस. २०१२ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं, हे चालणार नाही. चर्चचा हेतू वाईट होता असं कुणी म्हणत नव्हतं. पण आपल्याच शाळेच्या समारंभाला जायचं तर या क्रूसाखाली बसावं लागेल, असा पर्याय सरकारने मुलासमोर ठेवायचा नसतो.

२०२२ मध्ये एका फुटबॉल प्रशिक्षकाच्या सामन्यानंतरच्या प्रार्थनेच्या बाजूने निकाल लागला, तेव्हापासून ही रेषा थोडी सरकली आहे आणि आणखीही सरकेल. म्हणूनच मला वाटतं की फक्त 'कायद्यात बसतं का' एवढंच विचारून भागत नाही. कायद्यात बसणारी गोष्टही शेजाऱ्याशी वागण्याची वाईट रीत असू शकते.

पोर्टलंडमध्ये काय झालं

ओरेगनमधलं पोर्टलंड हे अमेरिकेतल्या कमी धार्मिक शहरांपैकी एक. २००८ च्या सुमारास धर्मप्रचारक लुईस पलाऊ यांच्या संस्थेने आणि तिथल्या पास्टर मंडळींनी एक साधा प्रश्न घेऊन शहराच्या नेत्यांची भेट घेतली: तुम्हाला आमची मदत कुठे लागेल? उत्तरांमध्ये बेघरांचा प्रश्न होता, भूक होती आणि सरकारी शाळाही होत्या.

उत्तर पोर्टलंडमधलं रूझवेल्ट हायस्कूल तेव्हा वाईट अवस्थेत होतं. गरीब वस्ती, गळती, खराब झालेली इमारत. उपनगरातल्या साउथलेक चर्चने ते घेतलं. पहिल्या उन्हाळ्यात शेकडो माणसं झाडू, खुरपी आणि रंगाचे डबे घेऊन आली. असे एक दिवसाचे सोहळे खूप होतात. फोटो निघतात आणि विषय संपतो. इथे तो संपला नाही. माणसं पुन्हा पुन्हा येत राहिली. मुलांसाठी कपड्यांचं कपाट सुरू झालं, धान्याचं कपाट सुरू झालं. एनएफएलमध्ये खेळलेला नील लोमॅक्स शाळेच्या फुटबॉल संघाला शिकवायला लागला.

अट सुरुवातीपासून स्पष्ट होती: शाळेत धर्मप्रचार नाही. २००९ मध्ये सॅम अ‍ॅडम्स महापौर झाले. ते उघडपणे समलिंगी, आणि हे पास्टर समलिंगी विवाहाच्या विरोधातल्या परंपरेतले. तरीही काम चालू राहिलं. दोघांनीही आपापली मतं सोडली नाहीत. शाळेचं छत गळतं याबद्दल मात्र दोघांचं एकमत होतं.

ही गोष्ट चर्चच्या सभांमध्ये आवडीने सांगितली जाते. ती इथेच थांबवली तर मात्र अर्धीच राहते. रूझवेल्टची जुनी इमारत शेवटी नव्याने उभी राहिली ती रंगाच्या डब्यांनी नाही. मे २०११ मध्ये शाळांच्या बांधकामासाठी कर्जरोख्यांचा प्रस्ताव पोर्टलंडच्या मतदारांसमोर आला आणि थोडक्या मतांनी पडला. नोव्हेंबर २०१२ मध्ये ४८ कोटी २० लाख डॉलरचा दुसरा प्रस्ताव आला आणि तो पास झाला. त्यातून रूझवेल्टसह काही शाळांचं काम झालं. म्हणजे भिंती रंगवल्या स्वयंसेवकांनी, पण बांधल्या करदात्यांनी.

त्याच प्रस्तावात फॉबियन नावाची शाळा होती. ती कॉन्कॉर्डिया या ल्युथरन विद्यापीठाच्या भागीदारीत नव्याने बांधली गेली. विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभागही त्याच इमारतीत आला. २०१७ मध्ये शाळा उघडली. २०२० मध्ये विद्यापीठच बंद पडलं. शाळा मात्र आजही आहे, कारण ती जिल्ह्याची होती. धार्मिक संस्था कितीही चांगली असली तरी ती उद्या नसू शकते. सरकारी शाळेला हे स्वातंत्र्य नाही; तिला दर सोमवारी उघडावंच लागतं.

काय चालतं, काय नुसतं दिसतं

मिशिगनमध्ये १९९५ मध्ये सुरू झालेली 'किड्स होप यूएसए' ही संस्था एक सोपं सूत्र वापरते: एक चर्च, एक शाळा, एक मोठं माणूस, एक मूल, आठवड्याला एक तास. त्या तासात वाचन, गणित, गप्पा. धर्माचा विषय नाही. स्वयंसेवकामागे चर्चमधली आणखी एक व्यक्ती असते, ती त्या जोडीसाठी प्रार्थना करते, पण शाळेबाहेर. मला ही विभागणी शहाणपणाची वाटते. श्रद्धा लपवायची नाही, पण ती मुलाच्या डेस्कवरही ठेवायची नाही.

यात 'आठवड्याला एक तास' इतकंच 'किती वर्षं' हेही महत्त्वाचं. जीन ग्रॉसमन आणि जीन रोड्स यांनी २००२ मध्ये मुलांना मोठ्या माणसाची सोबत देणाऱ्या एका मोठ्या कार्यक्रमाचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या जोड्या वर्षभर किंवा जास्त टिकल्या, त्यांतल्या मुलांना सर्वाधिक फायदा झाला. ज्या तीन महिन्यांच्या आत तुटल्या, त्यांतल्या मुलांचा आत्मसन्मान आधीपेक्षा घसरलेला आढळला. नीट वाचा: मदत कमी पडली असं नाही, नुकसान झालं. ज्या मुलाला आधीच माणसं सोडून गेलेली आहेत, त्याला आणखी एक सोडून गेलं.

म्हणून एका शनिवारी दोनशे माणसं येण्यापेक्षा दर मंगळवारी चार माणसं येणं केव्हाही चांगलं. शुक्रवारी काही मुलांच्या दप्तरात शनिवार-रविवारचं खाणं गुपचूप ठेवणं चांगलं, पण त्यातलं 'गुपचूप' विसरायचं नाही. सगळ्या वर्गासमोर हाक मारून पिशवी दिली तर पोट भरतं आणि मान खाली जाते. पिशवीत चर्चचं पत्रक टाकलं तर तीच पिशवी आमिष होते.

तीच इमारत, दोन उपयोग

व्हर्जिनियातल्या प्रिन्स एडवर्ड काउंटीची गोष्ट या सगळ्याचं सार आहे. १९५१ मध्ये तिथल्या मोटन हायस्कूलच्या कृष्णवर्णीय मुलांनी, बार्बरा जॉन्स या सोळा वर्षांच्या मुलीच्या पुढाकाराने, संप केला. इमारत अपुरी होती, ताडपत्रीच्या कागदाने मढवलेल्या खोपट्यांत वर्ग भरत होते. गावातल्या फर्स्ट बॅप्टिस्ट चर्चचे पास्टर एल. फ्रान्सिस ग्रिफिन मुलांच्या पाठीशी उभे राहिले. त्यांचा खटला पुढे १९५४ च्या ब्राउन निकालात सामील झाला आणि शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरला.

काउंटीने काय करावं? १९५९ मध्ये तिने सरकारी शाळांना पैसे देणंच बंद केलं. सगळ्या शाळांना कुलूप. गोऱ्या मुलांसाठी खासगी अकादमी निघाली आणि तिचे सुरुवातीचे वर्ग गोऱ्या चर्चच्या इमारतींत भरले. कृष्णवर्णीय मुलांसाठी पाच वर्षं काउंटीत सरकारी शाळाच नव्हती.

त्यांच्या चर्चनी तळघरं उघडली. तिथे मुलांना जमवून थोडं वाचन, थोडं गणित शिकवलं जाई. पण या जागांना 'शाळा' म्हणायचं नाही, 'प्रशिक्षण केंद्र' म्हणायचं, असं ठरलेलं होतं. कारण उघड आहे. शाळा म्हटलं असतं तर काउंटीला म्हणता आलं असतं, झाली की यांची सोय. मोठ्या मुलांपैकी काही नॉर्थ कॅरोलिनातल्या कृष्णवर्णीय मेथडिस्टांच्या किट्रेल कॉलेजात गेली, काहींना क्वेकर मंडळींनी दुसऱ्या राज्यांत घरं शोधून दिली. आणि खटला चालूच राहिला. १९६४ मध्ये सुप्रीम कोर्टाने शाळा उघडायला लावल्या. त्या खटल्याला नाव ग्रिफिन यांचंच आहे.

दोन्हीकडे चर्चच होती. दोन्हीकडे मुलांना शिकवलं जात होतं. एकाने सरकारी शाळेला पर्याय उभा केला आणि बाकीच्यांना वाऱ्यावर सोडलं. दुसऱ्याने मुलांना सांभाळलं, पण 'आमची शाळा आम्हाला परत द्या' हा हट्ट सोडला नाही. मदत आणि पर्याय यांतला फरक मला यापेक्षा स्वच्छ कुठे दिसलेला नाही.

आपल्याकडचा धागा

हा वाद आपल्यालाही परका नाही. बॉस्टनच्या मिशन बोर्डाने पाठवलेले अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. त्यांच्या अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत आणि पुढे अहमदनगरला शाळा काढल्या, मुलींसाठीही. तिथल्या सिंथिया फरार यांच्याकडे सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे घेतले, असं त्यांच्या चरित्रांत सांगितलं जातं. जोतीराव स्वतः पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले. हे ऋण खरं आहे.

आणि भीतीही खरी होती. १८३९ मध्ये मुंबईत मिशनच्या शाळेतल्या दोन पारशी मुलांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घाबरलेल्या पालकांनी मुलं शाळेतून काढून घेतली. १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री या मुलाला ख्रिस्ती झालेल्या थोरल्या भावाकडून वडिलांकडे परत आणण्यासाठी कोर्टात जावं लागलं, आणि त्याला जातीत परत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांना सनातन्यांशी भांडावं लागलं. शिकवणारा चांगला असला तरी 'बदल्यात आमचं मूल मागणार का?' हा प्रश्न पालकांच्या मनात राहिला की विश्वास तुटतो. नुकसान शेवटी मुलांच्या शिक्षणाचंच होतं.

तुम्ही काय करू शकता

तुमच्यापैकी काही जण चर्चला जात असतील, काही मंदिरात, काही कुठेच नाही. पुढचं सगळ्यांना लागू आहे.

सुरुवात प्रिन्सिपल किंवा शाळेच्या समुपदेशकाला विचारून करा: तुम्हाला काय हवंय? उत्तर कदाचित कंटाळवाणं असेल. सकाळच्या गर्दीत रस्ता ओलांडायला माणूस, ग्रंथालयातली पुस्तकं लावायला माणूस, पालकसभेला मराठी-हिंदी-गुजराती दुभाषा. तेच करा. पोलीस पडताळणीचा फॉर्म मागितला तर नाराज होऊ नका. तो मुलांसाठी आहे. मुलांचे फोटो टाकू नका. वर्षभर जमणार नसेल तर मुलाशी जोडी लावून घेऊ नका, त्यापेक्षा पुस्तकं लावा.

मग एक कसोटी लावा, मी तिला उलटून बघण्याची कसोटी म्हणतो. जे तुम्ही करणार आहात, तेच एखाद्या वेगळ्या धर्माच्या गटाने तुमच्या सात वर्षांच्या भाचीच्या शाळेत केलं, तर तुम्हाला चालेल का? चालेल असं वाटलं तर पुढे जा. जराही अडखळलात तर थांबा. दिवाळीचा कार्यक्रम शाळेत करायचा असेल तेव्हाही हीच कसोटी. दिव्यांची माहिती सांगणं वेगळं, मुलांना आरतीला उभं करणं वेगळं.

शेवटी पैशाकडे या. शाळेच्या बोर्डाच्या सभा खुल्या असतात. व्हिसावर असाल तर मत देता येणार नाही, पण सभेला जाऊन बसता येतं आणि बहुतेक ठिकाणी दोन मिनिटं बोलताही येतं. तुमच्या घरभाड्यातून मालमत्ता कर जातोच आहे. नागरिक असाल तर शाळांच्या कर्जरोख्यांचा प्रस्ताव मतपत्रिकेच्या अगदी शेवटच्या पानावर असतो, तिथपर्यंत वाचा. ज्या चर्चमध्ये ऑगस्टमध्ये दप्तरं भरली जातात, तिथली माणसं नोव्हेंबरमध्ये त्याच शाळेच्या करप्रस्तावावर काय मत देतात, हा प्रश्न मला दप्तरांच्या संख्येपेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. तो प्रश्न आपल्या मंडळांनाही तितकाच लागू आहे.